चूलबंद आवतणाचं फंक्शन

माझी नोकरी नेमकी काय आहे, हे आबांना समजावून सांगायचा मी आजवर तीनदा प्रयत्न केला. तिन्ही वेळा त्यांनी शांतपणे सगळं ऐकून घेतलं आणि शेवटी एकच विचारलं, "पन खुर्चीवर बठीसनच करनं पडस ना?" माझ्या वडिलांच्या लेखी जे खुर्चीवर बसून होतं ते काम नव्हे, ती विश्रांती.

ही विश्रांती मी जळगावात, आमच्या फ्लॅटच्या मागच्या खोलीत, रोज नऊ तास घेते. मी ज्या भाषेत प्रोग्रॅम लिहिते तिला फंक्शनल म्हणतात. तिच्यात सगळा कारभार फंक्शनांचा. फंक्शनला काहीतरी द्यायचं, ते काहीतरी परत देतं, बास. अध्येमध्ये कुरबूर नाही. शेजारच्या काकू मला अजूनही "तुमचं ते टायपिंग" म्हणतात, आणि मी आता रागावणं सोडून दिलंय. पूर्णपणे नाही, पण बरंचसं.

या भाषेतल्या दोन गोष्टींवर माझा फार जीव आहे. पहिली म्हणजे पॉलिमॉर्फिक टाइप. नाव भारदस्त आहे, पण गोष्ट कापडी पिशवीइतकी साधी. पिशवीत वांगी भरा नाहीतर शाळेची पुस्तकं, उचलायची रीत एकच. तसंच आपलं फंक्शन एकदाच लिहायचं आणि समोर कोणत्याही जातीची वस्तू आली तरी त्यानं तेच काम बिनबोभाट करायचं. वांग्यांसाठी वेगळं, पुस्तकांसाठी वेगळं, असा पसारा नको.

दुसरी गोष्ट इम्प्लिसिट पॅरामीटरची. फंक्शनला काम करायला जे लागतं ते त्याच्या हातात द्यावं लागतं. पण दरवेळी तेच ते किती द्यायचं? म्हणून या भाषेत एक सोय आहे. एखादी वस्तू न देताच पुढे जायचं. मग कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेलं तपासून यंत्राला समजेल असं करणारा जो असतो तो, आजूबाजूला नजर टाकतो, हव्या त्या जातीची वस्तू कुठे ठेवलेली दिसते का बघतो, आणि गुपचूप ती उचलून फंक्शनला देतो. माझ्याबरोबरच्या पोरांना हे डोक्यात शिरायला आठवडे लागले. मला अर्धा तास पुरला, कारण मी आबांच्या घरात वाढले होते.

साक्री तालुक्यातल्या आमच्या गावी आबा ओट्यावर बसून फक्त "ते आन" म्हणतात. सकाळी म्हटलं तर ते म्हणजे चष्मा. दुपारी म्हटलं तर विळा. लाइट गेल्यावर म्हटलं तर पुठ्ठ्याचा पंखा. माय घरातून न विचारता बरोबर तीच वस्तू घेऊन येते. कधी चष्मे दोन निघाले, एक जुना, एक नवा, तर ती दारातच थांबून ओरडते, "आठे दोन शेतस! कोनतं ते?" आमचा कंपायलरही हुबेहूब असाच अडून बसतो. फरक एवढाच, की हवी ती वस्तू सापडली नाही तर माय रिकाम्या हातानं येऊन भांडते. कंपायलर मात्र माळ्यावर पडलेली मागच्या वेळची एखादी वस्तू त्याच जातीची दिसली, तर तीच आणून देतो आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही.

हे सगळं मला व्यवस्थित ठाऊक होतं. कंपनीत नवीन आलेल्या एका मुलीला मी याच विषयावर अर्धा तास इंग्रजीतून झाडलं होतं. सगळ्यांच्या वापरातल्या फायलीत असल्या जुन्या वस्तू सोडायच्या नसतात, एखाद्या दिवशी भलत्याच ठिकाणी उचलल्या जातात, वगैरे. ती बिचारी मान डोलवत राहिली. आणि त्याच महिन्यात धाकटीचं लग्न ठरलं.

आम्ही दोघीच बहिणी. माझं लग्न मी हट्टानं धुळ्याच्या कार्यालयात लावून घेतलं होतं. गावात धूळ उडते, बायका जेवायला ताटकळतात, फोटो नीट येत नाहीत, असली कारणं मी तेव्हा दिली होती. फोटो छान आले. पण गाव जेवलं नाही. निवडक पंचवीस-तीस माणसं गाडीत बसून धुळ्याला आली आणि बाकीच्यांनी आपापल्या घरी भाकरी खाल्ली. आबा मला याबद्दल एका शब्दानंही बोलले नाहीत. पण आयुष्यभर गावातल्या प्रत्येक मांडवाला ते जेवून आले होते, आणि त्यांच्या स्वतःच्या दारी गाव कधी बसलं नव्हतं. धाकटीचं ठरलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, "मांडव आठेच पडी. बठ्ठा गाव जेवी." मांडव गावातच आणि जेवायला सगळं गाव, हे ते माझ्याकडे न बघता म्हणाले. मला ते बरोबर लागलं.

आता आमच्याकडचं आवतण कसं असतं ते सांगायला हवं. जेवणाचं बोलावणं दोन तऱ्हेचं. घरटी एक माणूस, म्हणजे घरातून एकानं यायचं. आणि चूलबंद, म्हणजे त्या वेळेला त्या घरात चूलच पेटवायची नाही, म्हाताऱ्यापासून पाळण्यातल्या पोरापर्यंत सगळ्यांनी यायचं. सांगितलं असेल त्याच्या बाहेर कोणी जात नाही. एक म्हटलं तर एकच येतो, दुसरा आला तर तो अधाशी ठरतो. आणि मुख्य म्हणजे, आवतण कोणतं आहे असं यजमानाला उलट कोणी विचारत नाही. जेवणाबद्दल विचारणं म्हणजे जेवण मागणं. त्यापेक्षा लोक घरी खिचडी टाकतील.

हे आवतण गावात दारोदार जाऊन सांगायचं काम वर्षानुवर्षं एकाच माणसाकडे होतं. सगळं गाव त्यांना नाना म्हणतं. नानांचा आवाज असा की पहिल्या आळीत सांगितलेलं तिसऱ्या आळीत ऐकू जाई. पण यंदा नानांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं होतं आणि पाय काठीसारखा ताठ. आता आवतण कोण सांगणार, यावर घरात चर्चा सुरू झाली, आणि माझ्यातली हुशारी उसळून आली. मी म्हटलं, मी सांगते. मोबाइलवर. गावातल्या प्रत्येक घरी एक तरी फोन आहे.

आबांनी विचारलं, "बठ्ठास्ले?"

"बठ्ठास्ले," मी म्हटलं. "एका झटक्यात."

खुर्चीवरच्या कामाचा अखेर घराला उपयोग होणार होता. मी इतकी खूश होते, की वही घेऊन रीतसर नानांकडे शिकवणीला गेले. चूलबंद कोणाला आणि एक माणूस कोणाला हे कसं ठरवता, असं विचारलं. नानांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "मांडव व्हई तं चूलबंद. पान-सुपारी व्हई तं एक मानूस. हाई सांगानं ऱ्हास का?"

मी वहीत लिहून घेतलं : प्रसंगावरून ठरतं, सांगावं लागत नाही. इम्प्लिसिट! मला तर नानांना मिठी मारावीशी वाटली.

मग मी ते फंक्शन लिहिलं. आजही सांगते, फंक्शन सुंदर होतं. त्याला घर कोणत्याही जातीचं चालत होतं. तीन भावांचं एकत्र कुटुंब द्या, नवराबायकोचं दोघांचं घर द्या, शाळेतली मास्तरमंडळी द्या, दूध डेअरी द्या, एकच फंक्शन. ते घर पाहून आपोआप नाना, आबा, भाऊ, अक्का असं योग्य ते संबोधन घाली. आणि शेवटच्या ओळीत आवतण कोणतं, ते मी हातानं देत नव्हते. ते प्रसंगावरून आपलं आपण यायचं होतं.

दोन महिन्यांपूर्वी याच फंक्शनची लहान आवृत्ती मी साखरपुड्याला वापरली होती. साखरपुडा धुळ्याला छोट्या हॉलमध्ये होता, म्हणून तिथे घरटी एक. ती वस्तू मी कुठे ठेवली होती? सगळ्यांच्या वापरातल्या फायलीत. मांडवासाठी चूलबंदची नवी वस्तू मी नव्या फायलीत छान लिहून ठेवली, आणि ती फाइल आत ओढून घ्यायची विसरले. कंपायलरला नवीन दिसलं नाही. त्यानं माळ्यावर हात घातला, जुनं काढलं आणि गप्प बसला. दोन सापडले असते तर ओरडला तरी असता.

मी मेसेज तपासले नाहीत असं नाही. दहा-बारा उघडून पाहिले. भाऊला भाऊ होतं, अक्काला अक्का होतं, शाळेला "गुरुजनवर्ग" होतं. शेवटची ओळ "आणखी वाचा"च्या खाली होती. मी आणखी वाचलं नाही.

मांडवाच्या दिवशी, म्हणजे लग्नाच्या आदल्या दिवशी, सकाळी घर कसं गजबजलेलं होतं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून आंब्याच्या, उंबराच्या डहाळ्या आल्या होत्या, मांडव उभा राहिला होता, आचाऱ्यानं कणकेच्या खरपूस बट्ट्यांचा डोंगर रचला होता. मोठ्या पातेल्यात वरण खदखदत होतं, गंगाफळाची, म्हणजे लाल भोपळ्याची, भाजी परतून झाली होती. आबा नवं धोतर नेसून उगाच बट्ट्यांपासून पाण्याच्या टाकीपर्यंत आणि टाकीपासून बट्ट्यांपर्यंत फेऱ्या मारत होते. इतके आनंदात मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. एकदा तर माझ्याजवळ येऊन म्हणाले, "तुन्ही खुर्ची कामले उनी बरं." आयुष्यातलं हे माझं पहिलं प्रशस्तिपत्रक. ते बरोबर वीस मिनिटं टिकलं.

साडेदहाच्या सुमाराला कुठूनतरी कुकरची शिट्टी झाली. मग दुसऱ्या घरातून. मग एकदम वरच्या आळीत तीन-चार. आबा फेरी मारता मारता थांबले.

"हाई काय वाजी ऱ्हायनं?"

माय पदराला हात पुसत बाहेर आली, कान देऊन उभी राहिली. आणखी दोन शिट्ट्या झाल्या. "कुकर शेतस," ती म्हणाली. "बठ्ठा गावना."

आबा एकदम खाली बसले. आचाऱ्याच्या उलट्या ठेवलेल्या घमेल्यावर, नव्या धोतरासकट. गाव आपल्या घरी शिजवत होतं. म्हणजे गाव येणार नव्हतं. "मन्हं काय चुकनं?" ते मायला विचारायला लागले. कोणाचं मन दुखावलं, पाण्याच्या पाळीवरून कोणाला काही बोललो का, मोठीच्या लग्नाचा राग अजून काढतायत का. एकेक घर आठवून ते आपल्या चुका शोधत होते.

मी फोन काढला, मेसेज उघडला आणि या वेळी आणखी वाचलं. "आवतण : घरटी एक माणूस."

पळून जावं, असं खरंच मनात आलं. जळगावची गाडी साडेअकराला होती. पण आबा तसेच घमेल्यावर बसून स्वतःचे गुन्हे मोजत होते, ते पाहवेना. मी जाऊन सांगितलं. आबा, तुमचं काही नाही चुकलं, माझं चुकलं. लोकांना मी एकच माणूस बोलावलाय.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, आता बोलतील. बारा वर्षांपूर्वीच्या धुळ्याच्या कार्यालयासकट सगळं बोलतील, आणि माझी ऐकायची तयारी होती. पण तेवढ्यात मांडवाच्या तोंडाशीच आवाज कडाडला.

"मन्हा घरमा सात मानसं! आनि हाई मोबाइल म्हनस, एकच या. बाकीना सहा जन काय हवा खातीन?"

नाना होते. ताठ पाय, हातात काठी, रागानं लाल. घरटी एक या हिशेबानं त्यांच्या घरून ते आले होते, आणि ते जेवायला नव्हे तर भांडायला आले होते. मी काय झालं ते सांगायला लागले. फाइल आत ओढली नाही, जुनी वस्तू उचलली गेली, असं काहीतरी. नानांनी काठी वर केली. "ते ऱ्हाऊ दे. माले ट्रॉलीमा बसाड."

पुढचा पाऊण तास मी जन्मात विसरणार नाही. उरलेल्या डहाळ्यांच्या ट्रॉलीत प्लॅस्टिकची खुर्ची, खुर्चीवर नाना, त्यांचा ताठ पाय तोफेसारखा बाहेर काढलेला, आणि खुर्ची दोन्ही हातांनी धरून मी, पैठणी नेसलेली, केसांत उंबराची पानं. ट्रॅक्टर आबा स्वतः चालवत होते. प्रत्येक दारापुढे ते वेग कमी करत आणि नाना आकाशाकडे तोंड करून पुकारत, "मांडवनं जेवन, चूलबंद! बठ्ठा जन या!"

घराघरातून बायका बाहेर यायला लागल्या. एकीच्या हातात डाळीची पळी तशीच. "आते सांगतस? मन्ही दाय शिजी गयी!"

"शिजी गयी तं झाकी ठेव," नाना म्हणाले. "रातले खाजो."

दुसरीनं दारातूनच आत ओरडून गॅस बंद करायला सांगितलं. तिसऱ्या घरचे भाऊ हसत सुटले आणि ट्रॉलीतल्या माझ्याकडे बोट दाखवून आबांना म्हणाले, "आबा, जळगावना मोबाइलपेक्षा आपला नाना बरा!" ते वाक्य त्या दिवशी मी सतरा घरांपुढे ऐकलं, आणि दर वेळी आबा "हा ना" म्हणून मान डोलवत होते. मला राग यायला हवा होता. पण डोळ्यांत सारखं पाणी येत होतं, कारण आमच्या मागे शिट्ट्या बंद होत चालल्या होत्या आणि लोक घरांना कड्या लावत होते.

गावाच्या टोकाला एका अक्कांचं घर आहे. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, मुलं सुरतेला. त्यांच्या दाराला कुलूप होतं. नानांनी तरीही पुकारलं. कुलपालाच म्हणावं तसं, पूर्ण आवाजात, "चूलबंद! बठ्ठा जन या!" मला वाटलं, दुखावल्या आणि कुठे शेतावर निघून गेल्या. हे एक घर तरी माझ्यामुळे तुटलं.

आम्ही परत आलो तेव्हा अर्ध्याहून जास्त गाव मांडवात पोचलं होतं. आणि आचाऱ्यांच्या मागे, लसणाच्या सालींच्या ढिगात, त्या अक्का बसलेल्या. आठ वाजल्यापासून आल्या होत्या म्हणे. सगळ्यांच्या आधी. लसूण सोलला होता, कोथिंबीर निवडली होती, आमच्या गडबडीत कोणाचं लक्षच गेलं नव्हतं.

मी त्यांच्यापुढे बसले आणि माफी मागितली. अक्का, मेसेज चुकला, तुम्हालाही चूलबंदच होतं.

त्यांना नवल वाटलं. शेजारच्या सुनेनं त्यांना मेसेज वाचून दाखवला होता. "मन्हाकरता काय चुकनं? चूलबंद म्हनो का एक मानूस म्हनो, येनारी मी एकलीच. माले दोन्ही सारखंच."

माझं फंक्शन साऱ्या गावात एका घराला बरोबर लागू पडलं होतं. फक्त हे घर मी तपासणीत घेतलं असतं तर चूक दिसलीच नसती, असलं काहीतरी माझ्या डोक्यात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. आबा पंगत मांडत होते. त्यांनी हाक मारली, अक्कांना पहिल्या पाटावर बसवा. मी हात धरून त्यांना उठवलं.

चालता चालता त्या थांबल्या. "पोरी, एक सांगू?"

"सांगा ना, अक्का."

"पुढला खेपले माले बी चूलबंदच धाडजो," त्या म्हणाल्या. "मी एकलीच येसू. पन ऐकाले बरं वाटस."

मी तिथेच, पंगतीच्या मधोमध उभी राहून फोन काढला. फंक्शन वगैरे काही नाही, चूलबंदचं आवतण हातानं अक्षर अक्षर टाइप केलं आणि पाठवलं. त्यांच्या कमरेच्या पिशवीत बटनांचा छोटा फोन वाजला. त्यांनी तो काढून माझ्या हातात दिला. त्यांना वाचता येत नव्हतं. मी सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात शेवटपर्यंत वाचून दाखवलं, शेवटची ओळ दोनदा. अक्कांनी फोन परत घेतला, नीट पिशवीत ठेवला, आणि घरचे सगळे आलेत ना असं बघावं तसं एकदा मागे वळून पाहिलं. मग त्या पाटावर बसल्या, आणि मी त्यांच्या पानात बट्टी वाढली.